ताप उतरला होता

निंबर्ग्याहून परतल्यापासून उद्धवराव कुणाशी धड बोलले नव्हते. भीमण्णाच्या समाधीवर मूठभर माती टाकून ते गाडीत बसले, ते बसलेच. वाटेत हुमनाबादला लेकीनं, राजूबाईनं, चहाचा पेला पुढं केला तर नुसती मान हलवली. शहाण्णव वर्षांचा माणूस, त्यात निजामाविरुद्धच्या लढ्यातला, कॅम्पावरचा शेवटचा सोबती गेलेला. दोन दिवस जाऊ द्यावेत, असं राजूबाई मनाशी म्हणाली. दोनाचे पाच झाले. तिला उदगीरला दिलं होतं, घरी सुना-नातवंडं वाट बघत होती. पण बापाला असं मुकं सोडून तिचा पाय निघेना.

सोमवारी दुपारी शिवशंकर कमलनगरहून आला तो निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच. तो थोरला. परवा सतरा सप्टेंबर, मुक्तिदिन. संतपूरच्या शाळेपुढं नवी कमान उभी राहिली होती, तिच्यावर बापाचं नाव कोरलेलं होतं, वर भगवं कापड बांधून ठेवलं होतं. ते कापड परवा झेंडावंदनानंतर निघायचं होतं. त्या कमानीसाठी शिवशंकर दोन वर्षं फिरत होता. बी-बियाणांचं दुकान पोरांवर टाकून बीदरला किती चकरा झाल्या ते त्याचं त्यालाच माहीत.

धाकटा बालाजी शेतावरून नुकताच आला होता. त्याची बायको दीपमाला पडवीत उडीद पाखडत बसली होती. राजूबाई तिच्या शेजारी खडे निवडत होती. उद्धवराव खाटेवर, भिंतीला टेकून.

"दादा, नवं धोतर आणलंय. टोपीबी," शिवशंकर म्हणाला. "साडेसातला गाडी यील. बोलायचं फार न्हाई, दोनच शब्द. बाकी मी बोलतो."

उद्धवरावांनी त्याच्याकडं बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे कुणावर तरी ठरले.

"शिवा, त्याच्याआधी मला नागलवाडीला न्या."

"नागलवाडीला? माझ्या पल्लवीकडं?" शिवशंकर हसला. "पल्लवीच येणाराय की परवा. जावईबी यायलेत."

"पल्लवीकडं न्हाई. हुसेनसाब पिंजाऱ्याच्या घरी. त्याची लेक हाय तिथं अजून. खैरून."

पडवीत सगळ्यांचे हात थांबले. हे नाव राजूबाईनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिला बापाच्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या. सरहद्दीपलीकडचा कॅम्प, एका घोंगडीत दोघं निजायचे ते, निजामाच्या जकातीच्या करोडगिरी नाक्यावर रात्रीतून चढवलेला झेंडा, भीमण्णाला मराठी येत नव्हती आणि दादांना कानडी, तर दोघं आठ दिवस नुसते हातवारे करून बोलत होते ती गंमत. स्वतःच्या लेकरांना तिनं ह्याच गोष्टी सांगून जेवू घातलं होतं. त्यात पिंजारी कुठं नव्हता.

"कोण हो दादा हा हुसेनसाब?" तिनं विचारलं.

"ज्यानं मला जगवलं तो."

मग उद्धवराव बोलायला लागले. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. जणू पाच दिवस ते हेच जुळवत बसले होते.

"अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. मी चिठ्ठी घेऊन कॅम्पावरून आलो होतो. रझाकार माझ्या मागावर. नागलवाडीत मामाच्या घरी शिरावं, तर त्या घराला आधीच पहारा. पिंजाऱ्याचं दार उघडं होतं. मी आत गेलो. त्यानं इचारलंबी न्हाई, तू कोण. कापसाचा ढीग होता, त्याच्यात घातलं मला. एक दिवस, एक रात. त्याच्याच जातीचे लोक शोधायला आले, तर म्हणला, हितं कापसाबिगर काय न्हाई."

"मग चांगलंच की," बालाजी म्हणाला. "आभार मानायचे असतील तर परवा व्यासपीठावर नाव घ्या त्याचं."

"पुढचं ऐक, बाला. पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, कॅम्प मोडला. भीमण्णा मला घरी पोचवायला म्हणून संगं निघाला. खांद्यावर बंदुका. नागलवाडीत आलो तर चावडीपुढं ही गर्दी. पुढं आमचा किशनमामा. त्याची थोरली दोन पोरं रझाकारांनी त्याच उन्हाळ्यात मारली होती. पंधरा दिवसांच्या अंतरानं. आता राज्य गेलं होतं, आणि मामाला कुणीतरी पाहिजे होतं. हुसेनसाबला घरातून काढला. त्यानं कुणाच्या काडीला हात लावला न्हवता. सगळ्या गावाला ठावं होतं. मामालाबी ठावं होतं."

उडदाचं सूप दीपमालाच्या मांडीवर तसंच तिरपं राहिलं होतं.

"मी चिंचंखाली हुबा. हातात भरलेली बंदूक. 'ह्या माणसानं मला वाचवलं,' एवढंच म्हणायचं होतं. एवढंच. मामा वळला असता, माझी खात्री हाय. पण मामाच्या तोंडाकडं बघितलं आन् माझं तोंड उघडलं न्हाई. गेले त्याला घेऊन हिरीकडं. भीमण्णा... तो त्या गावचा न्हाई, कुणाच्या नात्यागोत्याचा न्हाई. तो पळत गेला आन् पिंजाऱ्याच्या दारात आडवा झाला. आत बायको होती आन् चार वर्सांची पोर. 'मुंद बरब्याड्री,' म्हणला, पुढं येऊ नका. तीन दिवस त्या दारातून हलला न्हाई तो. आन् मी घरी आलो. आईनं मला ओवाळलं."

बाहेर कोंबड्या सोयाबीनच्या पातीत काहीतरी शोधत होत्या.

"भीमण्णानं कधी बोलून दाखवलं न्हाई," उद्धवराव म्हणाले. "सत्त्याहत्तर वर्सं. तो होता तवर वाटायचं, कुणाला तरी माहीत हाय, आपण एकटं न्हाई. आता मी एकटाच उरलो. मी गेलो की हे झालंच न्हाई असं व्हईल."

शिवशंकर उठून उभा राहिला. चिडला की तो बसून बोलत नसे.

"दादा, तुमी मारलंत का त्याला? न्हाई. तुमचा हात लागला का? न्हाई. एकोणीस वर्सांचं पोरगं होतात तुमी. अन् रझाकारांनी काय केलं ते इसरायचं का? गावंच्या गावं जाळली."

"न्हाई इसरलो. मी त्यांच्याशीच लढाया गेलो होतो."

"मग? आता ऐंशी वर्सांच्या म्हातारीपुढं जाऊन काय सांगणार? तिचं बरं चाललंय, आपलं बरं चाललंय. अन् माझी लेक त्याच घरात नांदायलीय, किशनमामाच्या! जावयाचा पणजा तो. तिच्या सासऱ्याला काय वाटल? उद्या तिला घरात काय ऐकावं लागल, इचार केला का कुणी?"

हे बोलणं वावगं नव्हतं, हे राजूबाईलाही दिसत होतं. पल्लवी तिची लाडकी भाची.

"अण्णा म्हणतो ते बराबर हाय दादा," बालाजी म्हणाला. "अजून दोन दिवसांनी कार्यक्रम. आत्ताच कामून उकरायचं? दिवाळी झाल्यावर बघू की निवांत."

"शहाण्णवाव्या वर्षी निवांत म्हणायलास व्हय मला?"

शिवशंकरनं आता बहिणीकडं मोर्चा वळवला. "अक्का, तू सांग की त्यांना. तुझं ऐकतेत ते." राजूबाई त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, पण सगळं घर तिला अक्काच म्हणायचं, थोरलाही.

राजूबाईच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. लहानपणापासून ऐकलेल्या त्या सगळ्या गोष्टी कॅम्प मोडला तिथं संपायच्या. कॅम्प ते घर ही वाट दादांनी कधी सांगितलीच नव्हती, आणि आपणही कधी विचारलं नव्हतं. गोष्ट ऐकणारानं पुढं काय झालं म्हणून विचारायचं असतं. चौसष्ट वर्षांत तेवढं तिच्याकडून झालं नव्हतं.

"मी नेते त्यांना," ती म्हणाली.

"तू नेतीस!" शिवशंकरचा आवाज चढला. "तू उदगीरची. चार दिवसांनी एस्टीत बसून निघून जाशील. राहायचं आम्हाला हाय इथं. तोंड दाखवायचं आम्हाला हाय."

ते तिला लागलं. दिल्या घरच्या लेकीला माहेरच्या बोलण्यात जागा किती, हे तिला नव्यानं कळलं नव्हतं. पण अण्णाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात दीपमाला सूप खाली ठेवत म्हणाली, "पल्लवीलाच इचारावं की. तिच्या घराचं आपणच कशाला ठरवायलो?"

धाकटी सून थोरल्या दिरापुढं सहसा बोलायची नाही. बालाजीनं चमकून तिच्याकडं बघितलं. राजूबाईनं मात्र मोबाईल काढलाच होता. शिवशंकर हात पुढं करून थांबवेपर्यंत पलीकडून पल्लवीचा आवाज आला. राजूबाईनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला, आणि आडपडदा न ठेवता चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

पल्लवीनं पलीकडं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"आत्या, इथं सगळ्यांना माहीत हाय ते," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्याच वर्सी सासूनं सांगितलं. ती हीर बुजवलीय, तिथून जाताना आमचे सासरे अजून चप्पल काढतेत. कामून, ते कुणी बोलत न्हाई. दादाआजोबा तिथं होते, हे मात्र मला ठावं न्हवतं."

"तुझ्या सासऱ्याला राग यील का, पल्लू?" शिवशंकरनं फोनकडं वाकून विचारलं.

"राग कशाचा, अप्पा? बाहेरचं कुणी येऊन सांगायलंय का? घरचंच माणूस यायलंय." मग ती म्हणाली, "खैरूनआजीला मात्र आधी इचारते मी. तिला नको असल तर कुणी यायचं न्हाई. तिच्या दारात जायचं तर तिनं हो म्हणाया पाहिजे."

दिवेलागणीला तिचा फोन आला. आजी म्हणाली होती, या.

बालाजी तोवर अंगणात येरझारा घालत होता. फोन ऐकून तो आत आला, आणि मोठ्या भावाकडं न बघता म्हणाला, "सकाळी नऊला निघू. माझीच जीप काढतो. दादा पुढं बसतील."

शिवशंकर जेवायला थांबला नाही. पत्रिकांचा गठ्ठा तेवढा खाटेच्या पायथ्याशी ठेवून गेला.

*

सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, तूर कमरेइतकी झालेली. कमलनगरातून जाताना बालाजीनं गाडी सावकाश केली. शिवशंकर दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं गाडी बघितली, गाडीतला बाप बघितला. हात वर केला नाही, पण गाडी वळेपर्यंत आतही गेला नाही.

राजूबाई मागच्या सीटवर होती. बापाच्या पांढऱ्या केसांच्या विरळ पुंजक्याकडं बघत तिला वाटलं, आपण ह्या माणसाला घेऊन चाललो आहोत की हा आपल्याला? तिला भीती वाटत होती. म्हातारी रडली तर? शिव्या दिल्या तर? दादांना ऐकवेल का? आणि दादा ऐनवेळी पुन्हा गप्प झाले तर? ही शेवटची भीती तिला सगळ्यांत मोठी वाटली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

नागलवाडीच्या पाराजवळ पल्लवी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिनं आजोबांचा हात धरला आणि गल्लीतून पुढं घेऊन गेली. बालाजी गाडीपाशीच थांबला. "जास्त माणसं नकोत तिच्या दारात," म्हणाला.

खैरूनबीचं घर लहानसं, पत्र्याचं, पुढं ओसरी. ओसरीभर गादीची खोळ पसरलेली, अर्धा कापूस भरलेला, आणि ती हातभर लांब सुईनं टाके घालत बसली होती. एक्याऐंशी वर्षांची, पण हात चपळ. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. तिनं मान वर करून पाहुण्यांकडं बघितलं आणि शेजारची चटई पुढं सरकवली.

"बसा. पोरगं बाजाराला गेलंय गाद्या घेऊन. मी एकटीच हाय."

उद्धवराव पल्लवीच्या आधारानं खाली बसले. राजूबाई त्यांच्या मागं. पल्लवी खांबाला टेकून उभी राहिली.

"मी उद्धव. संतपूरचा," ते म्हणाले. "किशनरावांचा भाचा. भीमण्णाच्या संगं कॅम्पावर होतो."

खैरूनबीचा हात टाक्यात थांबला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं.

"भीमण्णाकाकांचे सोबती? तुमीच ते तापवाले?"

उद्धवरावांना समजलं नाही. राजूबाईलाही नाही.

"काका दर वर्सी यायचे," खैरूनबी सांगू लागली. "भुईमूग निघाला की पिशवी घेऊन यायचे, निंबर्ग्याहून एस्टीनं. अम्मी असंतवर अम्मीसाठी, मग माझ्यासाठी. चार वर्सांखालपर्यंत आले. माझ्या निकाहाला तेच बसले होते, अब्बाच्या जागी. मी एकदा इचारलं त्यांना, काका, तुमी एकलेच होता का हो त्या दिवशी? तर म्हणले, न्हाई, माझा एक सोबती होता संगं. लई भला. पण त्याला हिवताप चढला होता, अंगावर काय शुद्ध न्हवती, चिंचंखाली पडून होता बिचारा. न्हाईतर तो आधी धावला असता."

उद्धवराव तिच्याकडं बघत राहिले. निंबर्गा ते नागलवाडी. दर वर्षी. आणि त्यांच्याकडं संतपूरला आला की भीमण्णा म्हणायचा, जरा बीदरला काम होतं, जाता जाता आलो.

राजूबाईच्या ध्यानात आलं. दार उघडं होतं. मेलेल्या मित्रानं सत्त्याहत्तर वर्षं धरून ठेवलेलं दार. दादांनी फक्त मान हलवायची होती. 'व्हय बाई, तोच मी,' एवढं म्हटलं की म्हातारी त्यांना भला माणूस म्हणून चहा पाजणार होती, कमानीचं कापड निघणार होतं, अण्णाचं मन राहणार होतं, आणि भीमण्णाचा शब्दही खोटा पडणार नव्हता. बापानं मान हलवावी असं तिला त्या क्षणी वाटलं. मनापासून वाटलं. ते ती पुढं कधी विसरली नाही.

उद्धवरावांनी दोन्ही हात चटईवर टेकले.

"ताप उतरला होता, बाई," ते म्हणाले. "आदल्या दिवशीच."

खैरूनबीच्या हातात सुई तशीच होती.

"मी हुबा होतो. पडून न्हवतो. हातात बंदूक होती. तुझ्या बापानं मला उन्हाळ्यात लपवलं होतं ह्याच घरात, जीव वाचवला होता. त्याला नेताना मी बघितलं. त्यानं मला वळखलं. 'उद्धव' म्हणून हाक मारली मला. एकदाच. मी बोललो न्हाई. मामाच्या भेवानं म्हण, लाजंनं म्हण, मला अजून उमगलेलं न्हाई. भीमण्णा खोटं बोलला तुझ्यापाशी, माझ्यासाठी. तो गेला गेल्या आठवड्यात. तेवढं खरं तुला सांगायचं राहिलं होतं."

खैरूनबीनं सुई खोळीत टोचून ठेवली. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग भिंतीला हात टेकत ती उठली आणि आत निघून गेली.

ओसरीत तिघंच राहिले. आतून भांड्याचा आवाज नाही, रडण्याचा नाही. पल्लवी आत जायला निघाली, तर राजूबाईनं तिला हातानंच थांबवलं. उद्धवरावांची मान खाली होती. त्यांच्या गुडघ्यावर कापसाचा एक पुंजका येऊन बसला होता. त्यांनी तो झटकला नाही.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. हातात काही नव्हतं. ती आपल्या जागी बसली, पण सुई उचलली नाही.

"काका गेले," ती म्हणाली. डोळे कोरडे होते, आवाज जड. "मला कुणी सांगितलंबी न्हाई."

"चुकलं," उद्धवराव म्हणाले. "आमीच सांगायचं होतं."

"तुमास्नी मी काय बोलू?" ती म्हणाली. "माफ केलं म्हणायला मी कोण? ते अब्बानं म्हणायचं. अन् शिव्या द्यायच्या तर तुमी एवढे वाळलेले, शिवी कुठं लागंल तुमाला?" तिनं एकदा गल्लीकडं बघितलं, मग सरळ उद्धवरावांच्या तोंडाकडं. "एक इचारते. तुमी अब्बाला दिवसभर बघितलंत म्हणता. जवळून?"

"व्हय. एक दिवस, एक रात."

"अब्बा दिसायला कसे होते?"

उद्धवरावांनी मान वर केली.

"फोटू न्हाई," खैरूनबी म्हणाली. "अम्मीला इचारलं तर ती उठून जायची. मरंतवर बोलली न्हाई. काकांनी त्यांना धड बघितलंच न्हवतं. गावात जी जुनी माणसं होती, त्यांना इचारायची सोय न्हवती, अन् आता ती न्हाईतच. मी चार वर्सांची. मला नुसता आवाज आठवतो, पिंजणाचा. माणूस आठवत न्हाई. एवढी म्हातारी झाले, बाप कसा होता ते ठावं न्हाई."

राजूबाईनं पदर तोंडाला लावला. उद्धवराव मात्र सावरून बसले, जसा माणूस कामाला बसतो तसे.

"उंच न्हवता," ते म्हणाले. "माझ्या खांद्याला लागायचा. पण छाती रुंद. पिंजण मारून मारून उजवा दंड डाव्याहून मोठा. रंग तुझ्यासारखाच, गव्हाळ. ह्या भुवईवर, डाव्या, एक खोक होती; तिथं केस उगवत न्हवते. दाढी बारीक, आन् तिच्यात सदा कापूस अडकलेला. म्हातारा दिसायचा त्यानं. होता मात्र तीस-बत्तीसचा."

"डोळे?"

"घारे."

खैरूनबीचा हात आपोआप चष्म्याकडं गेला. काचांमागं तिचे डोळे घारेच होते. एक्याऐंशी वर्षांत ते कुणाचे, हे तिला पहिल्यांदा कळलं होतं.

"अजून," ती म्हणाली.

"तुला खांद्यावर घेऊन काम करायचा. रडलीस की पिंजणाची तात बोटानं वाजवायचा, टोंय करून. तू लगेच गप."

ती अजून, अजून म्हणत राहिली आणि ते सांगत राहिले. दुपार झाली तेव्हा त्यांना धाप लागायला लागली. पल्लवी म्हणाली, आता पुरे, दादाआजोबा.

खैरूनबीनं त्यांना उठायला हात दिला नाही. पण ओसरीच्या कडेपर्यंत आली.

"आज तुमास्नी चहा इचारला न्हाई," ती म्हणाली. "इचारवला न्हाई. राग मानू नका. उद्या या पुन्हा. राहिलेलं सांगा."

परतीच्या वाटेवर, कमलनगरच्या अलीकडंच, राजूबाईचा फोन वाजला. शिवशंकर.

"काय म्हणली ती?" त्यानं एवढंच विचारलं.

"उद्या या म्हणली."

"उद्या? उद्या सतरा तारीख हाय, अक्का." मग खालच्या आवाजात, "कामून बोलवायलीय?"

"तिचा बाप दिसायला कसा होता, ते दादांशिवाय कुणालाच ठावं न्हाई अण्णा. साऱ्या जगात."

पलीकडून फोन बंद झाला.

*

सतराला संतपूरच्या शाळेत झेंडा वेळेवर चढला. उद्धवराव नव्हते. तब्येत बरी न्हाई, असं शिवशंकरनं बीदरहून आलेल्या मोठ्या साहेबांना सांगितलं. कमानीचं कापड निघालं नाही; ते पुढं बघू, म्हातारा माणूस असल्याबिगर काय शोभा, असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली. हे सगळं दीपमालानं फोनवर सांगितलं तेव्हा राजूबाई खैरूनबीच्या ओसरीत बसली होती, आणि भाऊ लबाड बोलला म्हणून तिला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला.

उद्धवराव तेव्हा कापसाच्या ढिगाची गोष्ट सांगत होते.

"रझाकार दारात. मी ढिगात. आन् नाकात कापूस गेला. शिंक यायलीय, दाबता येईना. हुसेनसाबला ढीग हलताना दिसला असणार. त्यानं काय करावं? पिंजण उचललं आन् त्या रझाकारांच्या अंगावरच कापूस पिंजाया लागला. टोंय, टोंय, टोंय! माझ्या तीन शिंका त्यात इरल्या. कापूस असा उडाला की त्यांच्या मिशा पांढऱ्या, टोप्या पांढऱ्या, बंदुका पांढऱ्या. त्यांचा म्होरक्या खोकत बाहेर पळाला, म्हणला, ये कमबख्त तो हमको भी रजाई में भरेगा!"

खैरूनबी हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. चष्मा घसरेपर्यंत हसली. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचं ते हसणं कुठल्यातरी चार वर्षांच्या पोरीचं होतं. खांबापाशी उभी असलेली पल्लवीही हसायला लागली.

त्या गडबडीत गल्लीत गाडी थांबल्याचं कुणाला कळलं नाही. ओसरीपुढं शिवशंकर उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, छातीवर कार्यक्रमाचा बिल्ला तसाच. तो काहीतरी बोलायला आला होता. तोंड उघडलंही होतं. पण बापाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ते तसंच राहिलं. बापाला असं बोलताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

खैरूनबीनं डोळे पुसत त्याच्याकडं बघितलं.

"हे कोण?"

"माझा थोरला," उद्धवराव म्हणाले.

तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग गादीची खोळ एका बाजूनं गोळा करून माणूसभर जागा केली.

"बसू द्या त्यालाबी," ती म्हणाली. "पण मधी बोलू नको म्हणावं."

शिवशंकर चपला काढून ओसरीवर चढला, आणि बहिणीच्या शेजारी मुकाट्यानं बसला.